हर्निया, मेडिक्लेम आणि पुन्हा बार : एका हौशी पॉवरलिफ्टरचा अनुभव

व्यायामशाळेत गुडघा दुखला किंवा कंबर धरली तर माणूस ते चारचौघांत सांगतो आणि चार उपायही ऐकून घेतो. जांघेत फुगवटा आला तर मात्र तो मित्राला बाजूला घेऊन जातो आणि तिथेही अर्धेच बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या उजव्या बाजूच्या इंग्वायनल हर्नियाची (पोटातला भाग जांघेतल्या कमकुवत जागेतून पुढे येतो त्याची) शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून असे अर्धवट बोलायला आलेल्यांत पोलीसभरतीची तयारी करणारी विशीतली मुले होती, तसेच साठीला टेकलेले जुने कुस्तीगीरही होते. प्रत्येकाचे प्रश्न साधारण तेच असल्यामुळे सगळा क्रम एकदा लिहून काढत आहे. मी डॉक्टर नाही. सांगलीतल्या एका पतसंस्थेत लेखापाल आहे, तेव्हा वय ४१ होते, ८३ किलो वजनगटात हौसेने पॉवरलिफ्टिंग (बारवर वजन लावून बैठक, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणे, असा खेळ) करतो आणि चाळिशी ओलांडल्यापासून मास्टर्स गटात जिल्हा पातळीवर उतरतो.

जानेवारी २०२४ मध्ये डेडलिफ्टच्या दिवशी संध्याकाळी उजव्या जांघेत जडपणा जाणवू लागला. दुखणे म्हणावे असे काही नव्हते. महिनाअखेरीस एकदा आंघोळीच्या वेळी उभा असताना जांघेच्या घडीच्या थोडे वर, बोटाच्या दोन पेरांएवढा फुगवटा दिसला. खोकलो की तो पुढे यायचा आणि आडवा झालो की नाहीसा व्हायचा. आमची व्यायामशाळा मूळची तालीम आहे. तिथल्या वस्तादांनी ऐकल्याबरोबर ‘हा अंतर्गळ आहे’ असे सांगितले आणि लंगोट घट्ट बांधायचा सल्ला दिला. निदान त्यांनी अचूक केले होते. उपायाबद्दल पुढे सर्जनांनी समजावले की लंगोट, सपोर्टर किंवा हर्नियाचा पट्टा यांनी फुगवटा तात्पुरता दाबला जातो, स्नायूंच्या भिंतीतले छिद्र बुजत नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्जनांकडे गेलो. तपासणी फी ५०० रुपये होती. ज्यांना तपासणीचीच लाज वाटते त्यांच्यासाठी सांगतो की ती पाच मिनिटांत होते. आधी उभे राहून आणि मग आडवे होऊन तपासतात, खोकायला सांगतात, बोटाने फुगवट्याची वाट चाचपतात, दोन्ही बाजू आणि दोन्ही वृषणे पाहतात. हायड्रोसील (अंडकोषात पाणी साचणे), व्हेरिकोसील (तिथल्या शिरा फुगणे) किंवा वृषणातली गाठ यांपैकी काही नाही ना, हेही त्याच वेळी पाहिले जाते, आणि माझ्या मते लाज बाजूला ठेवायला एवढे एक कारण पुरेसे आहे. दोन दिवसांनी १,२०० रुपये भरून सोनोग्राफी केली. त्यात श्वास रोखून जोर करायला लावतात, कारण स्वस्थ पडलेल्या माणसाचा हर्निया कधी कधी पडद्यावर दिसतच नाही. अहवालात उजव्या बाजूचा, आत ढकलता येणारा इनडायरेक्ट (वृषण उतरण्याच्या वाटेनेच पुढे येणारा) हर्निया असून छिद्र १.६ सेंटिमीटरचे आहे आणि त्यातून पोटातली चरबी पुढे येते आहे, आतडे नाही, असे लिहिले होते.

हा आजार मुख्यतः पुरुषांनाच का होतो, हे सर्जनांनी कागदावर रेघा ओढून समजावले. गर्भात असताना वृषणे पोटात तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली अंडकोषात उतरतात. ज्या वाटेने ती उतरतात तिथूनच वीर्यवाहिनी आणि रक्तवाहिन्या आयुष्यभर गेलेल्या असतात. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जावी तशी ही वाट असते आणि नेफ्याचे तोंड सैल पडले की पोटातला ऐवज तिथून डोकावू लागतो. आयुष्यात कधी ना कधी हा हर्निया होण्याचे प्रमाण पुरुषांत सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३ टक्के मानले जाते. मी विचारलेला पहिला प्रश्न अर्थातच वजनामुळे झाला का, हा होता. त्यांचे उत्तर असे होते की जन्मजात कमकुवत जागा, घरातला इतिहास, धूम्रपान, जुनाट खोकला यांचा वाटा असतो. जोर केल्यामुळे असलेला हर्निया दिसू लागतो, पण वजन उचलणाऱ्या प्रत्येकाला तो होतो असे नाही आणि कधीही वजन न उचलणाऱ्या कारकुनालाही तो होतो. माझ्या वडिलांची हीच शस्त्रक्रिया झाली होती, ते मी सांगितल्यावर त्यांनी केस पेपरवर नोंदवले.

इथे एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुटबॉल, हॉकी किंवा कबड्डी खेळणाऱ्यांत ज्याला ‘स्पोर्ट्स हर्निया’ म्हणतात, त्यात बहुधा फुगवटा नसतोच. जघनास्थीजवळच्या स्नायूंना आणि कंडरांना इजा झालेली असते, वळताना, धावताना किंवा लाथ मारताना दुखते, निदानाला एमआरआय लागू शकतो आणि पहिला उपचार विश्रांती आणि फिजिओथेरपी हा असतो. त्यामुळे जांघ दुखते आहे पण फुगवटा नाही, अशा मुलांनी माझ्या कहाणीवरून अंदाज बांधू नये.

शस्त्रक्रिया लागणार हे त्याच दिवशी कळले. ती कधी, हा प्रश्न मात्र वैद्यकीय कमी आणि कागदोपत्री जास्त होता. माझी ५ लाखांची मेडिक्लेम पॉलिसी १२ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झालेली होती. घरी येऊन पॉलिसीची पुस्तिका काढली. ठरावीक आजारांसाठी २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि त्या यादीत मोतीबिंदू, मूळव्याध यांच्याबरोबर ‘सर्व प्रकारचे हर्निया’ असे स्वच्छ छापलेले होते. म्हणजे १२ ऑगस्ट २०२४ च्या आधी शस्त्रक्रिया केली तर सगळा खर्च खिशातून जाणार होता. नोकरीच्या ठिकाणची गट विमा योजना असेल तर हा प्रतीक्षाकाळ अनेकदा नसतो. आमच्या संस्थेत तशी योजना नाही.

सहा महिने थांबणे सुरक्षित आहे का, असे मी सर्जनांना थेट विचारले. त्रास नसलेल्या किंवा किरकोळ त्रास असलेल्या पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि त्यात ७२० पुरुष होते. लक्ष ठेवून थांबलेल्यांत हर्निया अचानक अडकण्याचे प्रमाण दर १,००० माणसांमागे वर्षाला दोनपेक्षाही कमी आढळले. मात्र त्याच गटाचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा दहा वर्षांत सुमारे दोनतृतीयांश लोकांनी शेवटी शस्त्रक्रिया करूनच घेतल्याचे दिसले, आणि त्याचे मुख्य कारण वाढते दुखणे हे होते. म्हणजे थांबता येते, पण थांबून तो बरा होत नाही. त्यांनी धोक्याची लक्षणे लिहूनच दिली. फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, तीव्र दुखू लागले, वरची कातडी लाल झाली, उलट्या झाल्या किंवा गॅस आणि शौच बंद झाले, तर विमा, प्रतीक्षाकाळ सगळे विसरून त्याच तासाला इस्पितळ गाठायचे. तो कागद मी घरातल्या फ्रिजवर चिकटवला आणि बायकोला वाचून दाखवला, कारण अशा वेळी निर्णय घेण्याच्या स्थितीत आपण असूच असे नाही.

या काळात एका परिचित एजंटांनी ‘आत्ताचे कागद फाडून टाका आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदाच दाखवल्यासारखे करा’ असा सल्ला दिला. हा सल्ला इतक्या जणांना दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. शिवाय इथे खोटे बोलायची गरजच नव्हती. पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेला आजार ‘आधीपासूनचा आजार’ ठरत नाही, आणि ठरावीक आजारांचा प्रतीक्षाकाळ संपला की निदान केव्हा झाले याने अडत नाही. उलट फेब्रुवारी २०२४ चा तारीखवार केस पेपर हाच माझ्या बाजूचा पुरावा होता. त्याची गरज पुढे पडलीही.

मधल्या महिन्यांत व्यायाम पूर्ण बंद केला नाही. सर्जनांशी बोलून एवढे ठरवले की जास्तीत जास्त वजनाची एकेक उचल बंद, श्वास रोखून जोर लावणे बंद, बेल्ट आवळणे बंद. बारा ते पंधरा आवर्तने आरामात होतील एवढ्या वजनाचा बेंच प्रेस, बसून ओढायचे रोइंग, एका पायावरचे हलके व्यायाम आणि सकाळचे चालणे चालू ठेवले. प्रत्येक उचलीत वर येताना श्वास सोडायचा, हा नियम होता. अठरा वर्षांची सवय मोडायची म्हणजे आपण पहिल्यांदाच बार धरतो आहोत असे वाटत राहते. व्यायामशाळेत नव्याने आलेली मुले माझ्यापेक्षा जास्त वजन लावत होती आणि ते मला वाटले होते त्यापेक्षा जास्त टोचले. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून रात्री इसबगोल सुरू केला. जोर फक्त बारखालीच लागतो असे नसते.

जुलैमध्ये दुसरे मत घेण्यासाठी मिरजेला गेलो. सांगली-मिरजेच्या लोकांना या बाबतीत निवडीला वाव आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे सिव्हिल या ठिकाणी ही शस्त्रक्रिया अत्यल्प खर्चात होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया आणि आपले रुग्णालय बसते का, हे अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि आधार कार्ड नेऊन आधीच विचारावे. पॉलिसी असल्यामुळे मी खासगी रुग्णालय निवडले.

पर्याय असे समोर आले. चिरा देऊन बाहेरून छिद्रावर कृत्रिम जाळी बसवणे, म्हणजे लिश्टेनस्टाइन पद्धत, हिला भूल कमरेत किंवा फक्त त्या जागेपुरती चालते आणि अंदाजे खर्च ६० हजार होता. दुर्बिणीतून, पोटाच्या पडद्याच्या बाहेर राहून जाळी बसवणे, म्हणजे टीईपी, हिला बहुधा पूर्ण भूल लागते आणि खर्च एक लाखाच्या आसपास होता. एका मित्राने बिनजाळीच्या पद्धतीचे नाव सुचवले होते. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी स्वतःच्याच स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरून छिद्र झाकण्याची पद्धत विकसित केली, २००१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध युरोपातल्या नियतकालिकात आला आणि ती परदेशातही वापरली जाते. आपल्या पुण्यातली म्हणून मला तिचे आकर्षण होते. सर्जनांनी तिला नावे ठेवली नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच होते की जो सर्जन जी पद्धत नेहमी करतो ती त्याच्याकडून करून घ्यावी. ते स्वतः टीईपी नियमित करत होते, त्यात सुरुवातीचे दुखणे कमी असते, कामावर लवकर परतता येते आणि डाव्या बाजूचीही पाहणी त्याच वाटेने करता येते. दीर्घकाळ राहणाऱ्या दुखण्याबद्दल मी विचारले तेव्हा त्यांनी ते झटकून न टाकता, पद्धत कोणतीही असली तरी दहातल्या साधारण एकाला काही महिन्यांनंतरही कमीअधिक दुखणे जाणवते आणि त्यातल्या थोड्यांनाच ते रोजच्या कामात आड येते, असे सांगितले. या उत्तरामुळेच मी त्यांना होकार दिला.

मूलबाळ, लैंगिक क्षमता आणि वृषण यांबद्दलचे प्रश्नही त्याच बैठकीत विचारले. बायको शेजारी होती म्हणून ते सोपे गेले. वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या याच वाटेने जात असल्याने त्यांना इजा होण्याची शक्यता शून्य नसते, पण ती विरळ असते. पुढे मूल हवे असेल, किंवा एकच वृषण असेल, तर ते आधी सांगावे. लैंगिक क्षमतेवर शस्त्रक्रियेचा थेट परिणाम होत नाही. सुमारे दोन आठवड्यांनी, दुखत नसेल तर, संबंध ठेवायला हरकत नाही.

पॉलिसीचे दुसरे वर्ष ११ ऑगस्टला संपत होते. वार्षिक हप्ता भरायला महिनाभराची वाढीव मुदत असते आणि त्यात भरल्यास जुने लाभ टिकतात, पण मधल्या दिवसांत झालेल्या उपचाराला संरक्षण मिळत नाही. शस्त्रक्रिया लगेच नंतर होणार असल्यामुळे नूतनीकरणाचा हप्ता २ ऑगस्टलाच भरला आणि पावती छापून घेतली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रक्त, लघवी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यांवर ३,८०० रुपये खर्च झाले. त्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी रक्तात मोजतात तो घटक) १.४ आले आणि भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेपूर्वी मूत्रपिंडाचे बघू या, असे म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. मग त्यांनी विचारले की क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पूड) घेता का. मी रोज पाच ग्रॅम घेत होतो. स्नायू जास्त असलेल्या आणि क्रिएटिन घेणाऱ्या माणसात मूत्रपिंडे ठणठणीत असूनही हा आकडा वर जाऊ शकतो. ते बंद करून दहा दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा १.१ आला आणि लघवीत प्रथिने नव्हती. व्यायाम करणाऱ्यांनी तपासणीला जातानाच आपण घेत असलेल्या सगळ्या डब्यांची यादी, प्री-वर्कआउटसकट, सोबत न्यावी. भूलतज्ज्ञांनी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतली आहेत का, हेही बायकोला बाहेर बसवून विचारले. या इंजेक्शनांचा रक्तदाब, हृदय आणि रक्त घट्ट होण्याशी संबंध असल्यामुळे हा प्रश्न प्रत्येक पीळदार शरीराच्या पुरुषाला विचारतात, त्याचा राग धरू नये आणि उत्तर खरे द्यावे.

सोमवार, १९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, रुग्णालयाच्या विमा कक्षातून कॅशलेसची विनंती गेली. कॅशलेसला तासाभरात उत्तर द्यावे असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे. उत्तर आले ते शंका म्हणून आले. दाखलपूर्व नोंदीत ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी त्रासाचा कालावधी ‘२ वर्षे’ असा लिहिला होता, आणि तसे असेल तर आजार पॉलिसीच्या आधीचा असू शकतो, असे टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेचे) म्हणणे होते. मी जानेवारीपासून असे सांगितले होते. पॉलिसीला दोन वर्षे झाली हे वाक्य त्याच बोलण्यात आले होते, बहुधा ते तिथे उतरले. सर्जनांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह दुरुस्तीचे पत्र घेतले, फेब्रुवारीचा केस पेपर आणि सोनोग्राफीचा अहवाल जोडला, आणि बुधवारी २१ तारखेला दुपारी मंजुरी आली. दाखल होताना डॉक्टर लिहीत असतात तेव्हा कालावधीच्या रकान्यात काय पडते आहे, याकडे डोळा ठेवावा. खोलीचेही तसेच आहे. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० होती. त्यापेक्षा महागडी खोली घेतली तर फक्त भाड्याचा फरक भरून सुटका होत नाही, डॉक्टरांच्या फीसारख्या इतर बाबींतही त्या प्रमाणात कपात होते. मी २,८०० रुपयांची दोघांची खोली घेतली.

गुरुवार, २२ ऑगस्टला सकाळी शस्त्रक्रिया झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. रात्री जेवण लवकर, सकाळी काही नाही, मशीनने केस काढणे, मास्क, आणि मग खोलीत परत. बेंबीखाली तीन छोट्या पट्ट्या होत्या. डावी बाजू पाहिली, ती व्यवस्थित होती, असे सर्जन सांगून गेले.

खरी परीक्षा दुपारी झाली. भूल दिल्यानंतर लघवी अडकणे पुरुषांत बरेचदा होते, हे वाचलेले होते, तरी तीन वाजेपर्यंत पोट तट्ट फुगूनही थेंब आला नाही तेव्हा धीर सुटला. सिस्टरांनी पॉट आणून दिला. आडवे पडून ते जमणे शक्य नव्हते. सहापर्यंत नाही झाले तर नळी घालावी लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. मग त्यांच्याच आधाराने उठलो, पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारल्या, संडासात गेलो, दार लोटून घेतले, बेसिनचा नळ बारीक सोडला आणि भिंतीच्या हिरव्या फरशीला एक हात टेकून उभा राहिलो. जोर करायचा नाही, एवढेच मनाशी म्हणत होतो. बऱ्याच वेळाने, अगदी तुटक, पण झाली. बाहेर उभ्या सिस्टरांनी ‘किती झाली, मोजायला हवी होती’ म्हणून रागे भरले आणि मी ते आनंदाने ऐकून घेतले.

शुक्रवारी २३ तारखेला घरी सोडले. अंतिम बिलाला विमा कंपनीने तीन तासांत उत्तर द्यायचे असते आणि उशीर झाल्यास वाढलेला खर्च तिने सोसायचा असतो. आमच्या बाबतीत रुग्णालयाकडूनच अंतिम बिल दुपारी दोन वाजता गेले, त्यामुळे घड्याळ तिथून सुरू झाले आणि घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली. बिल १,०८,४०० रुपये, मंजूर ९९,१५०, आणि हातमोजे, नोंदणी फी वगैरे देय नसलेल्या बाबींचे ९,२५० रुपये मी भरले.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अंडकोष काळानिळा पडला आणि सुजला. आधी कल्पना दिलेली नसती तर मी रात्रीच रिक्षा बोलावली असती. आतले रक्त खाली उतरून असे होते, सपोर्टर घालून आणि कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाने शेक दिल्यावर ते आठवड्या-दीड आठवड्यात पिवळे पडत ओसरते. ताप, वाढतच जाणारी सूज किंवा वृषणात असह्य वेदना असेल तर मात्र वाट पाहायची नाही. खोकताना किंवा शिंकताना पोटावर उशी दाबून धरावी, आणि अंथरुणातून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या रेट्याने उठावे. दुसऱ्या आठवड्यात जिथे हर्निया होता नेमकी तिथेच टणक गाठ लागली आणि सगळे वाया गेले असे वाटले. तपासणीत ते पाणी साचलेले निघाले, ज्याला सेरोमा म्हणतात. सुई टोचून काढायची घाई करू नये, तो बहुधा आपोआप जिरतो, असे सांगितले. माझा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जिरला.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी औषधांच्या चिठ्ठीतली एक बाब. पॅरासिटामॉलबरोबर, गरज पडल्यास म्हणून ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनाशामक असलेली गोळी लिहून दिलेली होती. १ जानेवारी २०२४ पासून ट्रॅमाडॉल हे स्पर्धाकाळात ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहे. माझी स्पर्धा जवळ नव्हती, त्यामुळे अडचण नव्हती, आणि मला त्या गोळीची गरज पहिल्या दोन रात्रींच पडली. पण शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत स्पर्धा असलेल्या खेळाडूने डॉक्टरांना हे सांगून पर्याय घ्यावा आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे.

गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. पाच किलोच्या वर उचलायचे नाही, ही ताकीद असल्यामुळे आमच्या घरची दीड फुटी मूर्ती या वर्षी पुतण्याने आणली आणि मी ताम्हण घेऊन पुढे चाललो. आळीतल्या लोकांना यातून बातमी कळली. कामावर मी ४ सप्टेंबरपासूनच जाऊ लागलो होतो, पहिले काही दिवस रिक्षाने.

व्यायामाकडे परतण्याबाबत तीन डॉक्टरांची तीन मते ऐकायला मिळतात. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कल, दुखत नसेल तर नेहमीच्या हालचाली लवकर सुरू कराव्यात, असा आहे. माझ्या सर्जनांनी नेहमीच्या हालचालींना तेच लागू केले आणि बारबेलसाठी मात्र हात आखडता ठेवला, कारण दीडशे किलोची डेडलिफ्ट ही कुणाचीच नेहमीची हालचाल नसते. चालणे पहिल्या दिवसापासून होते. चौथ्या आठवड्यात बिनवजनाच्या बैठका, ब्रिज आणि श्वासाचे व्यायाम सुरू केले. जोर (दंड) काढायला त्यांनी सहाव्या आठवड्यापर्यंत नाही म्हटले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रिकामा २० किलोचा बार खांद्यावर घेतला आणि त्यानंतर दर आठवड्याला फार तर पाच ते दहा किलो वाढवत, दुसऱ्या दिवशी सकाळी जांघेत ओढ जाणवली तर त्या आठवड्यात वाढ नाही, असा हिशेब ठेवला. बेल्ट डिसेंबरमध्ये पुन्हा वापरायला काढला. मांडीच्या वरच्या भागात हाताच्या पंजाएवढा बधिर पट्टा बराच काळ राहिला आणि थंडीत खाली वाकताना जाळीच्या जागी ताण जाणवायचा. दोन्ही गोष्टी फेब्रुवारी २०२५ पर्यंत जवळजवळ गेल्या. पूर्वी १८२.५ किलो जाणारी डेडलिफ्ट मार्चमध्ये १५० ला आली.

रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्चही माझ्या पॉलिसीत मिळतो, ही बाब अनेकांच्या लक्षात राहत नाही. ऑगस्टच्या तपासण्या, फेरतपासणीच्या फिया आणि औषधे मिळून ७,०२० रुपयांची मूळ बिले, प्रत्येक बिलाला त्याची चिठ्ठी टाचून, डिस्चार्ज कार्डाच्या प्रतीसह २८ ऑक्टोबरला कुरिअरने पाठवली. जुलैची मिरजेची तपासणी ३० दिवसांच्या बाहेर होती, ती धरली नाही. सपोर्टरचे बिल नाकारले गेले, चिठ्ठी नसलेले एक औषधाचे बिलही गेले, आणि १८ नोव्हेंबरला ६,१४० रुपये खात्यात जमा झाले. खिशातून गेलेला एकूण खर्च, फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या फिया आणि प्रवास धरून, चौदा हजारांच्या आत राहिला.

सध्या आठवड्यातून तीन दिवस व्यायाम चालू आहे. ऑगस्ट २०२५ च्या फेरतपासणीत जाळी जागेवर आणि डावी बाजू व्यवस्थित आढळली. जास्तीत जास्त वजनाची उचल महिन्यातून एकदाच करतो, आणि पुढच्या जिल्हा स्पर्धेच्या अर्जात डेडलिफ्टची पहिली उचल १४० किलो लिहिली आहे.